लांब मानेच्या डायनोसॉरची सरळसोट गोष्ट

बीबीसीने १९९९ साली ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’ ही सहा भागांची मालिका प्रसारित केली. संगणकाने रंगवलेले प्राणी खऱ्याखुऱ्या निसर्गात चालताहेत, असे चित्र त्याआधी इतक्या मोठ्या प्रमाणावर कोणी दाखवले नव्हते. आजही काही शिक्षक या मालिकेचे भाग वर्गात दाखवतात आणि मुले ते डोळे विस्फारून पाहतात. तिच्या पहिल्याच भागाच्या शेवटाविषयी येथे थोडे लिहायचे आहे. एक दृश्य म्हणून तो शेवट उत्तम आहे. परंतु त्यातून जी गोष्ट मुलांच्या मनात रुजते, ती आम्हांला आक्षेपार्ह वाटते आणि ती गोष्ट काही या एका मालिकेपुरती नाही.

या भागातील काळ २२ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ट्रायासिक कालखंडाच्या उत्तरार्धातला आहे. स्थळ अमेरिकेतील ॲरिझोना. कोरडा ऋतू, आटणारी नदी, तिच्या काठी तगून राहण्याची धडपड करणारे छोटे, चपळ सीलोफायसिस. आणि अखेरीस प्लेटिओसॉरस या लांब मानेच्या, शाकाहारी डायनोसॉरांचा कळप येतो. भविष्य कोणाचे आहे ते प्रेक्षकाला कळते: हे पुढे येणाऱ्या महाकाय प्राण्यांचे अग्रदूत आहेत.

आधी किरकोळ चुका सांगून टाकू. प्लेटिओसॉरसची हाडे जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि ग्रीनलंड येथे मिळाली आहेत. ॲरिझोनातील ट्रायासिक खडक गेली शंभरहून अधिक वर्षे बारकाईने धुंडाळले गेले, पण त्यांत लांब मानेच्या शाकाहाऱ्यांच्या कुळातील एकही हाड सापडलेले नाही. उत्तर अमेरिकेत हे कुळ पुढच्या, म्हणजे ज्युरासिक कालखंडातच दिसते. शिवाय मालिकेतला प्लेटिओसॉरस बहुतेक वेळ चार पायांवर चालतो. २००७ साली बोनन आणि सेंटर यांनी त्याच्या पुढच्या पायांची हाडे तपासून दाखवले, की या प्राण्याला तळहात जमिनीकडे वळवून टेकवताच येत नसत. टाळी वाजवण्याच्या तयारीत असल्यासारखे ते एकमेकांसमोर राहत. पुढे २०१० मध्ये हाइनरिक मॅलिसन यांनी ट्युबिंगेन येथील सांगाड्याची संगणकीय प्रतिकृती करून हाच निष्कर्ष काढला. प्लेटिओसॉरस दोन पायांवरच चालत होता. मालिका १९९९ सालची असल्याने या चुकीबद्दल तिला फार बोल लावता येणार नाही. गंमत एवढीच, की फ्रीडरिश फॉन ह्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकातच या प्राण्याला दोन पायांवर उभे केले होते. त्याच्या आगेमागे कोणी त्याला सरड्यासारखा फतकल मारून चालवले, कोणी कांगारूसारखे उड्या मारायला लावले आणि नंतर पुन्हा चार पायांवर आणले. एकाच प्राण्याची ही उठाबस शंभर वर्षे चालली होती.

पण मूळ आक्षेप याहून मोठा आहे. प्लेटिओसॉरसला चार पायांवर आणण्याचा मोह का होतो? कारण आपल्या डोक्यात एक जिना असतो. तळाच्या पायरीवर दोन पायांवर धावणारा, कुत्र्याएवढा मांसाहारी. मधल्या पायरीवर अर्धवट वाकलेला, मध्यम आकाराचा प्राणी. आणि वरच्या पायरीवर खांबासारख्या चार पायांवर उभा असलेला, वीस-पंचवीस मीटर लांबीचा सॉरोपॉड. मधल्या पायरीवरचा प्राणी ‘निम्मा’ असलाच पाहिजे, म्हणून तो निम्मा वाकतो. माकडापासून ताठ माणसापर्यंतच्या रांगेचे जे सुप्रसिद्ध चित्र आहे, त्याचेच हे भावंड. माकडांच्या रांगेवर पुष्कळ टीका झाली आहे. डायनोसॉरांची रांग मात्र भिंतीवरच्या तक्त्यांत अजून सुखाने नांदते आहे.

या जिन्याची मधली पायरी एका शब्दाने पक्की केली, तो शब्द म्हणजे ‘प्रोसॉरोपॉड’. सॉरोपॉड हे नाव अमेरिकेच्या ऑथ्निएल मार्श यांनी १८७८ मध्ये दिले. त्याचा अर्थ ‘सरड्याचे पाऊल असलेला’. प्रोसॉरोपॉड, म्हणजे सॉरोपॉडच्या आधीचा, हे नाव १९२० मध्ये ह्यूने यांनी दिले. (हे तेच ह्यूने, ज्यांनी पुढे मॅटली यांच्याबरोबर जबलपूरच्या डायनोसॉरांचे वर्णन १९३३ साली प्रसिद्ध केले.) नावात बिघाड काय? समजा, एखाद्या घराण्यात पुढे एक माणूस नामांकित निघाला आणि मग आपण त्याचे सगळे चुलते, आतेभाऊ, चुलतपणजे यांना ‘त्या अमक्याच्या आधीचे’ म्हणू लागलो, तर ज्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते अशांची आयुष्ये त्याच्या जन्माची तयारी ठरतात. शिवाय ‘आधीचे’ म्हणावे तर ते सगळे काळानेही आधीचे नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील मॅसोस्पॉन्डिलस पूर्वीच्या पुस्तकांत हमखास प्रोसॉरोपॉडांत आढळतो. तो ज्युरासिकच्या प्रारंभी, खऱ्या सॉरोपॉडांचे पहिले नातेवाईक हिंडत होते त्याच सुमारास सुखाने जगत होता. एकविसाव्या शतकात बहुतेक शास्त्रज्ञांनी हा गट मोडीत काढला. आता ‘सॉरोपोडोमॉर्फ’ हे एक मोठे कुळ मानतात. त्यातून एकामागून एक फांद्या फुटल्या आणि सॉरोपॉड ही त्यांतली एक फांदी. मराठी पुस्तकांत व भाषांतरांत मात्र ‘प्रोसॉरोपॉड’ अजून भेटतो.

जिन्याची कल्पना पटते की नाही हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. सॉरोपॉड म्हटले की चार-पाच गोष्टी एकदम आठवतात: छोटे डोके, लांब मान, शाकाहार, प्रचंड देह, चार खांबी पाय. जिना खरा असेल तर या सगळ्या गोष्टी हातात हात घालून, थोड्या-थोड्या वाढत गेलेल्या दिसायला हव्यात. प्रत्यक्षात दगडांत काय दिसते?

दक्षिण ब्राझीलमधील सुमारे २३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वीच्या खडकांत या कुळाचे अगदी आरंभीचे सभासद मिळाले आहेत. त्यांतला ब्युरिओलेस्टिस २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. लांबी दीड मीटरच्या आसपास आणि दात सुरीसारखे, कडांना करवतीसारखे बारीक काते असलेले. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या शाकाहाऱ्यांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी एक मांसाहारी बसला आहे! अर्जेंटिनातील इओरॅप्टरची कथा तर आणखी बोलकी आहे. १९९३ मध्ये तो जगापुढे आला तेव्हा मांसाहारी डायनोसॉरांचा, म्हणजे टी. रेक्सच्या शाखेचा पूर्वसूरी म्हणून. २०११ मध्ये त्याच्याच खडकांतून इओड्रोमिअस सापडला, तुलना झाली आणि इओरॅप्टर लांब मानेवाल्यांच्या कुळात येऊन बसला. त्याची हाडे तीच राहिली. त्याचे पुढे काय होणार आहे याविषयीची आपली समजूत बदलली. मीटरभर लांबीच्या या प्राण्याच्या अंगावर ‘मी पुढे महाकाय होणार’ असे कोठेही लिहिलेले नव्हते, हे यावरून वर्गात फार चांगले सांगता येते.

ब्राझीलचाच सॅटर्नॅलिया (१९९९) घ्या. त्याचे डोके देहाच्या मानाने लहान आहे. २०१९ मध्ये त्याच्या कवटीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा संशोधकांनी असे सुचवले, की लहान डोके चटकन वळवता येते आणि त्याचा उपयोग छोटी, चपळ भक्ष्ये टिपायला होत असावा. हे खरे असेल, तर पाला ओरबाडणाऱ्या सॉरोपॉडांचे ठळक लक्षण म्हणून जे छोटे डोके आपण दाखवतो, त्याची सुरुवात शिकारीच्या कामात झाली. मानेची गोष्ट पुन्हा निराळी. सुमारे २२ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीच्या मॅक्रोकोलम या प्राण्याचे तीन सांगाडे एकत्र मिळाले. २०१८ साली त्याचे जे नामकरण झाले त्याचा अर्थच ‘लांब मान’. पण हा लंबग्रीव जेमतेम साडेतीन मीटरचा, दोन पायांवर चालणारा होता. मान लांबली तेव्हा देह मोठा झालेला नव्हता.

आणि देह मोठा झाला तेव्हा? तेव्हा पाय खांबासारखे नव्हते. याचा सर्वांत चांगला पुरावा २०१८ या एकाच वर्षात दोन खंडांतून आला. अर्जेंटिनातला इन्जेंशिया ट्रायासिकच्या अखेरचा, सुमारे दहा टनांचा. दक्षिण आफ्रिकेतला लेडुमाहाडी सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, बारा टनांचा. सेसोथो भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘पहाटेचा प्रचंड गडगडाट’. आशियाई हत्तीच्या दुपटीहून अधिक वजनाचा हा प्राणी चार पायांवर चालत असे, परंतु त्याचे पाय सॉरोपॉडांसारखे सरळ खांब नव्हते. ते गुडघ्या-कोपरात वाकलेले असत. इन्जेंशियाच्या हाडांत झाडाच्या खोडासारखी वाढीची वर्तुळे आहेत, म्हणजे तो टप्प्याटप्प्याने वाढे. सॉरोपॉडांची हाडे मात्र पहिली बरीच वर्षे जवळजवळ अखंड, झपाट्याने वाढलेली दिसतात. याचा अर्थ असा, की महाकाय होण्याचा एक स्वतंत्र प्रयोग खऱ्या सॉरोपॉडांच्या भरभराटीआधीच यशस्वी झाला होता आणि त्याची कृती वेगळी होती. दहा टनांच्या या इन्जेंशियानंतर कित्येक लाख वर्षांनी पॅटागोनियात म्युसॉरस राहत होता. त्याचे वजन दीड टनाच्या घरात! जिन्यावर या दोघांना कोणत्या पायऱ्या द्यायच्या?

म्युसॉरसविषयी दोन शब्द अधिक, कारण मुलांना तो फार आवडतो. १९७९ मध्ये त्याची अंड्यातून नुकतीच बाहेर पडलेली इवलीशी पिल्ले मिळाली आणि त्याचे नाव पडले ‘उंदीर-सरडा’. पुढे पूर्ण वाढलेले सांगाडे मिळाले. २०१९ मध्ये वेगवेगळ्या वयांच्या म्युसॉरसांचा गुरुत्वमध्य काढण्यात आला. पिल्लाचा गुरुत्वमध्य पुढे असे, त्यामुळे ते चार पायांवर चाले. शेपूट वाढली की गुरुत्वमध्य मागे सरके आणि प्राणी दोन पायांवर उभा राही. माणसाचे मूल रांगता-रांगता उभे राहते तसे. चार पायांवर चालणे हा या कुळात ‘प्रगतीचा’ शेवटचा टप्पा मानायचा, तर येथे प्रत्येक प्राणी वाढता-वाढता मागे जात होता असे म्हणावे लागेल! २०२१ मध्ये याच जागी शंभराहून अधिक अंडी आणि ऐंशी सांगाडे मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. पिल्ले पिल्लांजवळ, मोठे मोठ्यांजवळ. हे प्राणी कळपाने राहत. त्याच वेळी खडकांचे वय १९ कोटी ३० लाख वर्षे ठरले. तोवर म्युसॉरसला ट्रायासिकमधला समजत होते. तक्त्यांवरची तारीख बदलावी लागणारा हा काही पहिला प्राणी नव्हे.

आता मराठीकडे वळू, कारण दोषाचा काही वाटा आपल्या वाक्यांचाही आहे. ‘उंच झाडांचा पाला खाण्यासाठी डायनोसॉरची मान लांब झाली’ हे वाक्य आपण किती सहज लिहितो! ‘साठी’ हा शब्द आला की वाक्याला हेतू चिकटतो. जणू मानेला पाला दिसत होता आणि ती त्याच्याकडे वाढत गेली. इंग्रजीतही हा दोष आहे, पण मराठीत ‘साठी’ आणि ‘म्हणून’ इतके सुटसुटीत आहेत, की ते आपोआप लेखणीतून उतरतात. त्याऐवजी ‘ज्यांची मान थोडी लांब होती त्यांना जागेवर उभ्याने अधिक पाला मिळाला, आणि त्यांची पिल्ले अधिक जगली’ असे लिहिले, तर वाक्य लांबते हे खरे. पण विज्ञान त्या लांबीतच आहे. आम्ही शिक्षकांना असे सुचवू, की सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर दोन्ही वाक्ये लिहावीत आणि फरक मुलांनाच शोधू द्यावा. व्याकरणाचा तास आणि जीवशास्त्राचा तास एकत्र होईल.

‘जागेवर उभ्याने’ हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले. जिराफाशी तुलना करण्याची सवय इतकी मुरली आहे, की लांब मान म्हटली की उंचीच आठवते. पण जमिनीलगतचा किंवा मध्यम उंचीवरचा पालाही एका जागी उभे राहून, मान इकडेतिकडे फिरवून मोठ्या टापूतून गोळा करता येतो. अवजड देहाला दर पावलाला ऊर्जा खर्चावी लागते, ती वाचते. जिराफाशी तुलना आणखी एका ठिकाणी लंगडी पडते. जिराफ रवंथ करतो. त्याच्या डोक्यात दाढा आणि चावण्याचे स्नायू यांचे वजन आहे, आणि मानेत मणके अवघे सात. सॉरोपॉड चावत नसत. तोडायचे आणि गिळायचे, उरलेले काम पोटातल्या जीवाणूंचे. चावणे नाही म्हणून मोठे जबडे नाहीत. डोके हलके म्हणून मान लांब होऊ शकली. प्लेटिओसॉरसच्या मानेत दहा मणके होते, तर चीनच्या मामेन्चिसॉरसच्या मानेत ते अठरा-एकोणीसपर्यंत गेले; त्याच्या एका जातीची मान सुमारे पंधरा मीटर लांब असावी असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मणके हवेच्या पिशव्यांनी पोखरलेले, पक्ष्यांसारखे. ही पोकळीही आरंभापासूनची नव्हे; ब्युरिओलेस्टिसच्या मणक्यांत ती दिसत नाही.

पोटाचा विषय निघाला म्हणून आणखी एक जुनी समजूत. कोंबडी जशी खडे गिळते आणि त्यांनी दाणे दळते, तसे सॉरोपॉडही दगड गिळून पाला दळत, असे पुष्कळ पुस्तकांत वाचायला मिळते. २००७ मध्ये विंग्ज आणि झांडर यांनी शहामृगांच्या पोटातील दगडांशी तुलना करून ही समजूत खोडली: सॉरोपॉडांच्या सांगाड्यांबरोबर मिळणारे दगड दळण्याच्या कामाला फारच कमी पडतात आणि ते दळल्यासारखे झिजलेलेही नसतात.

राहिला प्रश्न शेवटच्या पायरीचा. सॉरोपॉडच उरले, बाकीचे गेले, ते का? जिन्यावर याचे उत्तर ठरलेले असते: ते ‘अधिक प्रगत’ होते. दिएगो पोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० च्या अखेरीस पॅटागोनियातील बाग्वालिया या सॉरोपॉडबरोबर जो पुरावा मांडला, तो वेगळे सांगतो. ज्युरासिकच्या पहिल्या दोनेक कोटी वर्षांत सॉरोपॉड हे या कुळाच्या अनेक शाखांपैकी एक होते. सुमारे १८ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी आजच्या दक्षिण आफ्रिकेत आणि अंटार्क्टिकात लाव्ह्याचे प्रचंड पूर आले. आपला सह्याद्री ज्या प्रकारच्या खडकाचा आहे, त्याच प्रकारचे हे पूर. त्यांतून निघालेल्या वायूंनी हवामान तापले, मऊ पाल्याच्या वनस्पती मागे पडल्या आणि छोट्या, चिवट पानांचे सूचिपर्णी वृक्ष पसरले. मोठी पोटे, जाड आवरणाचे दणकट दात असलेल्या सॉरोपॉडांना हा पाला पचवता आला. इतर शाखा नाहीशा झाल्या. दात आणि पोटे त्या संकटाची चाहूल लागून तयार झालेली नव्हती. लाव्हा आला नसता तर मॅसोस्पॉन्डिलसचे वंशज आणखी किती काळ टिकले असते, कोणी सांगावे.

या सगळ्यात आपल्या मुलांच्या पुस्तकांतून एक प्रदेश हटकून गळतो, तो म्हणजे प्राणहिता-गोदावरीचे खोरे. गडचिरोलीतील सिरोंचा आणि पलीकडे तेलंगण, या पट्ट्यातील खडकांत ट्रायासिकपासून ज्युरासिकपर्यंतचे थर एकावर एक आहेत. लांब मानेच्या कुळाचा आरंभ ज्यांत वाचता येतो अशा जगातल्या थोड्या जागांपैकी ही एक. खालच्या थरांत नंबालिया आणि जकलापल्लिसॉरस (२०११), त्यांच्या वर लॅम्प्लुगसॉरा आणि प्रधानिया (२००७), आणि सर्वांत वर कोटा थरांत कोटासॉरस (१९८८) आणि बारापासॉरस (१९७५). लॅम्प्लुगसॉरा हे नाव पामेला लॅम्प्लुग रॉबिन्सन यांच्यावरून, प्रा. महालनोबीस यांच्या बोलावण्यावरून त्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आल्या आणि तेथे या विषयाचा पाया घातला. प्रधानिया हे नाव त्याच संस्थेसाठी रानोमाळ फिरून जीवाश्म गोळा करणाऱ्या एका सहकाऱ्याच्या आडनावावरून. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसॉर कसे, असा प्रश्न मुले विचारतील. जरूर विचारू द्यावा.

बारापासॉरसची हाडे पोचमपल्ली गावाजवळ मिळाली. मुख्य उत्खनन १९६०-६१ च्या सुमाराचे. निदान सहा प्राण्यांची मिळून तीनशेच्या आसपास हाडे, त्यांतले मांडीचे एक हाड तर १.७ मीटर लांब, म्हणजे मोठ्या माणसाएवढे. ‘बारा पा’ म्हणजे मोठा पाय. जातीचे नाव टागोरी, कारण १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष. कोलकात्यात त्याचा उभारलेला सांगाडा आहे, आणि कोटासॉरसचा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात. आमचे मत असे, की ॲरिझोनात नसलेला प्लेटिओसॉरस दाखवण्यापेक्षा हैदराबादेत असलेला कोटासॉरस दाखवणे केव्हाही बरे. नऊ मीटरचा हा प्राणी सॉरोपॉड म्हणायचा की त्याचा जवळचा नातेवाईक, याचे उत्तर व्याख्येची रेघ कोठे ओढायची यावर अवलंबून आहे. म्हणून ‘जगातील पहिला सॉरोपॉड कोणता?’ हा प्रश्न परीक्षेत घालू नये. त्याचे उत्तर गुण देण्याजोगे नाही.

बारापासॉरसचे दात मिळाले आहेत, कवटी मात्र मिळालेली नाही. संग्रहालयात सांगाड्यावर जे डोके दिसते ते इतर सॉरोपॉडांवरून कल्पिलेले असते, आणि तसे तेथे मुलांना सांगायला हवे. कोटा थरांचे नेमके वय हाही अजून वादाचा विषय आहे: माशांवरून ते ज्युरासिकच्या पूर्वार्धातले वाटतात, तर काही इतर जीवाश्मांवरून मध्य ज्युरासिकमधले किंवा त्याहून अलीकडचे. त्यामुळे पोचमपल्लीचे ते सहा प्राणी लाव्ह्याच्या पुराआधी जगत होते की नंतर, हे या थरांचे वय पक्के ठरल्यावरच कळेल.